हस्तांतरणाच्या यादीत आरोग्य स्वयंसेविका कुठे आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्राथमिक आरोग्यसेवा स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचा निर्णय एखादे सरकार घेते, तेव्हा हस्तांतरणाच्या आदेशाला जोडलेल्या याद्या फार तपशीलवार असतात. इमारती किती, खाटा किती, लशींच्या शीतपेट्या किती, मंजूर पदे किती आणि त्यांतली रिक्त किती, वाहन चालू स्थितीत आहे की नाही, इथपर्यंत सगळे त्यांत लिहिलेले असते. त्या याद्यांत सहसा सापडत नाही ती घरोघरी जाणारी आरोग्य स्वयंसेविका, कारण तिला पद नाही, वेतनश्रेणी नाही आणि सेवापुस्तकही नाही. जी कागदोपत्री कर्मचारीच नाही तिचे हस्तांतरण करायचे कसे, हा प्रश्न कुणाला पडत नाही, आणि मग ती जुन्या खात्याचीही राहत नाही व नव्या संस्थेचीही होत नाही. नोकरीची बरीच वर्षे अशा स्वयंसेविकांना प्रशिक्षण देण्यात घालवलेली एक निवृत्त परिचारिका म्हणून मला या एकाच गोष्टीबद्दल लिहायचे आहे.

प्राथमिक आरोग्यसेवा स्थानिक संस्थांच्या हाती जाण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. कुठल्या वस्तीचे पाणी बिघडले आहे, कुठला रस्ता पावसात बंद होतो आणि कुठल्या घरातली गरोदर बाई तपासणीला येत नाही, हे राजधानीतल्या मंत्रालयापेक्षा जवळच्या कचेरीला लवकर कळते, आणि ज्या संस्थेकडे पाणी व स्वच्छता आहे तिच्याकडेच दवाखाना असणे सोयीचेही आहे. सप्टेंबर १९७८मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्राथमिक आरोग्यसेवा परिषदेने जो जाहीरनामा संमत केला, त्यात डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांच्या जोडीने समाजातून आलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनाही आरोग्यपथकात स्थान दिले होते. सेवा लोकांच्या जवळ नेणे आणि लोकांमधूनच आलेल्या कार्यकर्तीला तिच्यात सामावून घेणे, या दोन गोष्टी तेव्हा एकत्र मांडल्या गेल्या होत्या. आज पहिली अमलात आणण्याच्या घाईत दुसरी मागे राहते आहे.

स्वयंसेविकेचे काम म्हणजे पत्रके वाटणे आणि लोकांना लसीकरणाची आठवण करून देणे, असा अनेकांचा समज असतो. त्यांनी खोकला झालेल्या तान्ह्या मुलाचा श्वास मोजताना तिला एकदा पाहावे. मूल रडत असेल किंवा दूध पीत असेल तर मोजणी चुकते, म्हणून ते शांत होईपर्यंत थांबायचे, त्याला आईच्या मांडीवरून हलवायचे नाही, अंगातले कपडे छातीपर्यंत वर करायचे आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही, कारण इतक्या लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. सर्वांत लहान बाळाच्या बाबतीत आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. माझ्या एका प्रशिक्षण वर्गातल्या बाईंची शाळा लवकर सुटली होती, आणि घड्याळाकडे व बाळाकडे एकाच वेळी लक्ष ठेवताना त्यांचा मधला आकडा हरवत असे. त्यांनी स्वतःच तोड काढली. दर दहा श्वासांना त्या दोऱ्यातला एक मणी पुढे सरकवू लागल्या, आणि त्यानंतर त्यांची मोजणी माझ्या मोजणीशी जुळली नाही असे मला आठवत नाही. असे कौशल्य हाताला बसायला वेळ लागतो आणि ते टिकवायलाही कुणीतरी मधूनमधून शेजारी बसून पाहावे लागते.

अशा प्रशिक्षित स्त्रियांमुळे काय घडू शकते, याचा पुरावा नवा नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण गावातल्याच स्त्रियांना देण्यात आले, तेव्हा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. तेव्हा या स्त्रियांचा उपयोग होतो की नाही, हा वाद आता संपायला हवा. त्यांना सांभाळणारी व्यवस्था बदलत असताना त्यांचे काय होते, तिकडे पाहायला हवे.

मी एका भागातले असे हस्तांतरण जवळून पाहिले आहे. आरोग्यकेंद्र नव्या संस्थेकडे गेले, पाटी बदलली, कर्मचाऱ्यांचे पगार नव्या लेखाशीर्षाखाली निघू लागले. स्वयंसेविकांची मासिक बैठक मात्र बंद पडली. जुन्या कार्यालयाने त्यांचे अहवाल घेणे थांबवले, कारण केंद्र आता त्यांचे नव्हते. नव्या कार्यालयाने ते घ्यायला सुरुवात केली नाही, कारण तसा आदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. दोन्हीकडचे अधिकारी सौजन्याने बोलत होते, आणि आपापल्या कागदांप्रमाणे दोघांचेही बरोबर होते. जलसंजीवनीची पाकिटे आणि लोहाच्या गोळ्या यांचा पुरवठा थांबला. एका स्वयंसेविकेने पायाला सूज आणि डोकेदुखी असलेल्या गरोदर बाईला चिठ्ठी देऊन केंद्रावर पाठवले, तर खिडकीवरच्या नव्या माणसाला त्या चिठ्ठीचा अर्थच माहीत नव्हता, आणि त्या बाईला रांगेत शेवटी उभे केले गेले. सुदैवाने आमच्या एका जुन्या सहकारी परिचारिकेचे तिच्याकडे लक्ष गेले. हीच स्वयंसेविका सात महिने आपले रजिस्टर नियमाने भरत राहिली. अहवाल कुणी घेतच नाही तर भरतेस कशाला, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “सिस्टर, मूल जन्माला आलं ते आलंच की, कुणी लिहून घेवो न घेवो.”

व्यवस्थेचा आधार निघाला की किती मोठी फळी कोसळते, हे चीनने दाखवून दिले आहे. तिथले अनवाणी डॉक्टर, म्हणजे थोडक्या प्रशिक्षणानंतर गावातच प्राथमिक उपचार करणारे गावकरी, एके काळी साऱ्या जगाला आदर्श म्हणून दाखवले जात. त्यांच्या मोबदल्याचा आणि औषधांचा भार गावच्या सामूहिक शेतीवर आणि सहकारी वैद्यकीय योजनेवर होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सामूहिक शेती मोडली, तेव्हा ज्या सहकारी योजनेत पूर्वी सुमारे ९० टक्के गावे होती ती काही वर्षांतच जवळजवळ ५ टक्क्यांवर आली. अनवाणी डॉक्टर हे नावही १९८५मध्ये शासनाने मागे घेतले. कुणी त्यांच्या विरोधात निर्णय घेतला होता असे नाही. शेतीच्या धोरणात बदल झाला, आणि आरोग्याचा खांब त्या शेतीवरच उभा आहे हे वेळेवर कुणी ध्यानात घेतले नाही.

शेजारच्या नेपाळची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. तिथे १९८८पासून महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका काम करत आहेत, त्यांची संख्या ५० हजारांहून अधिक आहे आणि त्यांची निवड गावच्या आमा समूहाने, म्हणजे मातांच्या गटाने, करायची असते. वर्षातून दोनदा लहान मुलांना जीवनसत्त्व ‘अ’ देण्याची मोहीम त्यांच्याच बळावर चालते. १९९६च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे ५३९ असलेला माता मृत्युदर २०१६च्या पाहणीत २३९वर आला, आणि या उताराला अनेक कारणे असली तरी गावोगावच्या या स्त्रियांना त्यातून वगळून तो समजत नाही. २०१५च्या संविधानाने मूलभूत आरोग्यसेवेची जबाबदारी स्थानिक शासनाकडे दिली आणि २०१७च्या निवडणुकांनंतर ७५३ स्थानिक संस्था कामाला लागल्या. यातून काही चांगले घडले. काही पालिकांनी स्वतःच्या तिजोरीतून स्वयंसेविकांना जादा भत्ता सुरू केला. पण काहींनी केला आणि काहींनी नाही, त्यामुळे नदीच्या या तीरावरची आणि त्या तीरावरची स्वयंसेविका तेच काम करत असताना दोघींच्या हाती येणारे पैसे वेगवेगळे झाले. अशी तफावत एकदा रुजली की ती मोडायला फार अवघड जाते.

पैशाइतकाच दुसरा प्रश्न निवडीचा आहे. फिलिपिन्सने १९९१च्या स्थानिक शासन संहितेने आरोग्यसेवा स्थानिक संस्थांना दिली आणि १९९५मध्ये तिथल्या बरांगाय, म्हणजे गाव-वस्ती पातळीवरच्या, आरोग्य कार्यकर्त्यांच्या सवलतींसाठी स्वतंत्र कायदाही केला. तरीही निवडणुकीनंतर नवा प्रमुख आला की अनुभवी कार्यकर्तीला बाजूला सारून स्वतःच्या गोटातली व्यक्ती नेमली जाते, ही तिथली जुनी तक्रार आहे. जवळचे शासन लोकांना जितके जवळ असते तितकेच गटबाजीलाही जवळ असते, हे विकेंद्रीकरणाच्या समर्थकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीही, मान्य केले पाहिजे. क्षयाच्या रुग्णाला सहा महिने नेमाने औषध घ्यायला लावणारी बाई मध्येच बदलली, तर बिघडतो तो त्या रुग्णाचा उपचार.

थायलंडमध्ये अडचण निराळी आहे. तिथे १० लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक आहेत, एकेकाकडे साधारण १० ते १५ घरे असतात आणि त्यांना ठरलेला मासिक भत्ता मिळतो. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथली तीन हजारांहून अधिक ग्रामीण आरोग्यकेंद्रे प्रांतिक प्रशासनाकडे गेली. केंद्रातली परिचारिका प्रांतिक संस्थेची झाली, पण स्वयंसेवकांचे नियम आणि त्यांची नोंदणी सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाच्या चौकटीतच राहिली. रोज जिच्या सल्ल्याने काम करायचे ती एका संस्थेची आणि ज्याच्या नियमाने काम करायचे ते खाते दुसरे, अशी ही विभागणी आहे. दोन्ही बाजूंची मने चांगली असतील तोवर ती निभावते, पण व्यवस्था चांगल्या मनांच्या भरवशावर सोडता येत नाही.

मग करायचे काय? माझ्या मते ब्राझीलने सगळ्यांत नेमके उत्तर दिले आहे, आणि ते एका दिवसात सापडलेले नाही. १९८७च्या दुष्काळात सिआरा राज्याने रोजगार म्हणून हजारो स्त्रियांना आरोग्यकामाचे शिक्षण दिले. त्यांची निवड आणि त्यांचे वेतन राज्याने स्वतःच्या हाती ठेवले, मात्र त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या परिचारिकेची नेमणूक नगरपालिकेने करायची, अशी अट घातली. या एका अटीत फार मोठे शहाणपण आहे. महापौराला आपल्या माणसांची वर्णी लावता आली नाही, आणि तरीही कार्यक्रमातून त्याला अंगही काढता आले नाही. १९९१पासून हीच कल्पना देशभर गेली. २००६च्या घटनादुरुस्तीने आणि कायद्याने निवड सार्वजनिक प्रक्रियेतूनच व्हावी आणि कार्यकर्ती त्याच वस्तीतली असावी असे ठरवले. २०२२च्या १२०व्या घटनादुरुस्तीने तर तिचे किमान वेतन राष्ट्रीय किमान वेतनाच्या दुप्पट ठरवून तो भार केंद्र सरकारवर टाकला, आणि ही रक्कम नगरपालिकेच्या कर्मचारी-खर्चाच्या मर्यादेत धरायची नाही असेही लिहून ठेवले. हे शेवटचे वाक्य ज्याने घातले त्याला स्थानिक संस्थेचा अर्थसंकल्प आतून माहीत असला पाहिजे. आस्थापना खर्चाची मर्यादा ओलांडेल या भीतीनेच तर लहान संस्था अशा नेमणुका टाळतात.

केनियाने २०१३मध्ये आरोग्यसेवा ४७ काउंटींकडे, म्हणजे तिथल्या प्रादेशिक शासनांकडे, सोपवली आणि पुढची दहा वर्षे स्वयंसेवकांना काही मिळायचे की नाही हे ज्या त्या काउंटीवर राहिले. २०२३मध्ये सुमारे एक लाख जणांची नव्याने नोंद होऊन त्यांना रक्तदाब व साखर तपासण्याच्या साधनांची पेटी मिळाली आणि महिना ५,००० शिलिंग ठरले, त्यातले निम्मे राष्ट्रीय सरकारचे आणि निम्मे काउंटीचे. हे पाऊल मोठेच आहे. तरी निम्मा वाटा ज्याच्याकडे आहे त्याने उशीर केला तर स्वयंसेविकेने कुणाचे दार ठोठवायचे, हे नियमात लिहिलेले असले तरच अशा वाटणीला अर्थ राहतो.

भारतात २००५पासून काम करणाऱ्या १० लाखांहून अधिक आशा सेविकांना जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये गौरवले, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण सन्मान आणि मोबदला या एकमेकींच्या बदल्यात द्यायच्या गोष्टी नाहीत. त्याच संघटनेने २०१८मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना कामाचा भार, तास आणि जबाबदारी पाहून मोबदला द्यावा, तो केवळ किंवा मुख्यतः कामागणिक प्रोत्साहनपर रकमेच्या रूपात असू नये, आणि त्यांच्या जबाबदाऱ्या, अटी व हक्क यांचा लेखी करार असावा. कामागणिक पैसे देण्यातली खोट मी प्रत्यक्ष पाहिली आहे. ज्या कामाला दर आहे ते होते, आणि मूल गमावलेल्या आईजवळ तासभर बसणे, दारूच्या घरातल्या सुनेची चौकशी करणे, म्हाताऱ्याची जखम धुऊन देणे यांना कोणत्याच तक्त्यात रकाना नसतो. तरीही बाया ती कामे करतात, आणि तक्त्यात मात्र त्यांचे काम कमी दिसते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत खर्च करण्याकरिता ७०,०५१ कोटी रुपयांच्या आरोग्य अनुदानाची शिफारस केली. स्थानिक संस्थांवर एवढा विश्वास टाकला गेला हे स्वागतार्हच आहे. त्यातली शीर्षे मात्र प्रामुख्याने इमारती, निदान सुविधा आणि केंद्रांचे रूपांतर यांची आहेत. हा कल एकट्या भारताचा नाही. जगभर जिथे जिथे आरोग्यसेवा खाली सोपवली जाते तिथे पैसा आधी भिंतींना मिळतो, कारण भिंत मोजता येते आणि तिचे उद्घाटन करता येते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की कोणतेही आरोग्यकेंद्र स्थानिक संस्थेकडे देताना त्या केंद्राच्या क्षेत्रातील प्रत्येक स्वयंसेविकेचे नाव, तिने घेतलेले प्रशिक्षण, तिच्याकडची घरे आणि तिची थकबाकी यांची यादी हस्तांतरणाच्या कागदपत्रांना जोडलीच पाहिजे, आणि ती दोन्ही बाजूंनी सही करून घेतल्याशिवाय हस्तांतरण पूर्ण झाले असे मानू नये. किमान मानधन वरच्या शासनाने राखीव निधीतून थेट तिच्या खात्यात द्यावे. स्थानिक संस्थेला त्यात भर घालण्याची मुभा असावी, कपात करण्याची नसावी. निवड वस्तीने करावी, आणि कामातून काढायचे तर कारण लेखी द्यावे व त्यावर दाद मागण्याची सोय असावी, म्हणजे निवडणुकीचा निकाल तिच्या कामाचा निकाल ठरणार नाही.

याहून अधिक मला देखरेखीबद्दल सांगायचे आहे, कारण चर्चा बहुधा मानधनावरच थांबते. देखरेख म्हणजे रजिस्टरवर सही करून चुका काढणे नव्हे. महिन्यातून एकदा तरी परिचारिकेने तिच्याबरोबर चार घरे फिरावी, ती दंडाचा घेर मोजते तेव्हा पट्टी घट्ट ओढली जात नाही ना ते पाहावे, कारण ११.५ सेंटिमीटरच्या खाली आणि वर एवढ्याशा फरकावर एखाद्या मुलाचे तीव्र कुपोषित म्हणून नाव लागणे अवलंबून असते. आणि तिला जे उमगले नाही ते तिथेच, त्या उंबऱ्यावर, समजावून सांगावे. यासाठी परिचारिकेकडे वेळ हवा, प्रवासाचा खर्च हवा, आणि हे तिच्या कामाचा भाग आहे असे तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेले हवे. स्थानिक संस्था परिचारिका नेमतात तेव्हा केंद्रातली बाह्यरुग्ण संख्या पाहून नेमतात, आणि हे फिरणे त्या हिशेबात येतच नाही. तसेच स्वयंसेविकेने दिलेल्या चिठ्ठीला केंद्रावर मान असला पाहिजे, रुग्णाला आधी पाहिले पाहिजे आणि काय निदान झाले ते तिला उलट कळवले पाहिजे. तिच्या चिठ्ठीला केंद्रावर किंमत नाही, हे वस्तीला एकदा दिसले की तिच्या शब्दालाही वस्तीत किंमत उरत नाही.

लहान संस्थांकडे एवढा पैसा कुठून यायचा, असे विचारले जाईल, आणि तो प्रश्न खरा आहे. म्हणूनच किमान मानधनाचा भार त्यांच्यावर टाकू नये असे मी म्हणते. पण बैठकीसाठी खोली देणे, ठरलेल्या दिवशी औषधांचा पुरवठा करणे, आणि आरोग्य समितीत स्वयंसेविकांचा एक प्रतिनिधी घेणे याला मोठा निधी लागत नाही. घराघरांची माहिती असलेल्या व्यक्तीला समितीत न घेता आरोग्याचा आराखडा करणे, हे मला तरी अनाकलनीय वाटते.

वर जिचा उल्लेख केला त्या स्वयंसेविकेचे रजिस्टर अखेर नव्या कार्यालयाने मागून घेतले. त्या सात महिन्यांत जन्मलेली आणि लस राहून गेलेली मुले शोधण्यासाठी दुसरी कोणतीही नोंद उपलब्ध नव्हती, आणि तिच्या नोंदींवरून ती मुले सापडली. त्याच सात महिन्यांच्या थकलेल्या मानधनासाठी तिने अर्ज केला, तेव्हा तो परत आला. सदर कालावधीत अर्जदार कोणत्याही कार्यालयाच्या यादीवर नव्हत्या, असा शेरा त्यावर होता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका व प्रशिक्षक